शुगरची फाइल आणि लिव्हरची फाइल

मला मधुमेह आहे हे सेवानिवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. रक्तात यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू आहे हे मात्र मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा कळले. या दोन आजारांचा एकमेकांशी जवळचा संबंध असतो हे समजायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. तपासणीपासून उपचार संपेपर्यंतचा तो सगळा क्रम मी येथे सविस्तर लिहिते आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात शुगरचे रुग्ण घरोघरी आहेत, ‘लिव्हरवर सूज आहे’ असे सांगितलेली माणसेही पुष्कळ आहेत, पण एकाच माणसाच्या या दोन्ही फायली एकाच टेबलावर उघडलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

मी दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गणित शिकवले. यजमान शेती करतात. कापूस आणि तूर हीच आमची मुख्य पिके. मधुमेह असलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, तसा तो मलाही झाला आणि आम्ही एका खाजगी नेत्र रुग्णालयात तारीख घेतली. शस्त्रक्रियेपूर्वी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तीन तपासण्या बहुतेक ठिकाणी करतात. माझ्या अहवालात शेवटच्या ओळीपुढे ‘रिॲक्टिव्ह’ असे छापलेले होते आणि त्याखाली कोणीतरी लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती. तो कागद माझ्या हातात न देता तेथील कर्मचाऱ्याने माझ्या यजमानांना बाजूला बोलावून, बाकावर बसलेल्या इतर रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘पेशंटला रक्ताचा आजार आहे, इथे ऑपरेशन होणार नाही’ असे सांगितले. योग्य खबरदारी घेऊन अशा रुग्णांच्या शस्त्रक्रिया करता येतात आणि रोज होतातही, हे मला पुढे कळले. त्या दिवशी आम्हाला कोणी एवढेही सांगितले नाही की पुढे कोठे जायचे आहे.

ते सांगितले आमच्या आशाताईंनी. हिपॅटायटिसच्या रुग्णांसाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत शासकीय उपचार केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, ही माहिती त्यांना त्यांच्या प्रशिक्षणातून मिळालेली होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयात आम्ही त्यांच्याच चिठ्ठीवर गेलो. तेथील डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे असतील. त्यांनी पहिल्यांदा ‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ समजावला. ती तपासणी विषाणूची नसते, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची असते. लागण झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाविनाच निघून जातो, पण प्रतिपिंडे त्यांच्याही रक्तात राहतात. म्हणून विषाणू आज रक्तात आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, वेगळी तपासणी करावी लागते. माझा नमुना पाठवला गेला, अहवाल आला आणि विषाणू भरपूर प्रमाणात असल्याचे स्पष्ट झाले.

लागण कशी झाली असावी, याची डॉक्टरांनी बारकाईने चौकशी केली. गोंदण केले आहे का, दात कोठे काढले, गावात येणाऱ्या सुईवाल्याकडून इंजेक्शने घेतली आहेत का, रक्त चढवले आहे का. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या बाईची या चारही प्रश्नांची उत्तरे बहुधा ‘हो’ अशीच येतात. माझ्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणात, १९९० साली, अतिरक्तस्राव झाला होता आणि रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या होत्या. हा विषाणू शास्त्रज्ञांनी ओळखला तो १९८९ साली. त्याच्या शोधासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मला रक्त चढवले त्या वेळी आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत ही तपासणी होण्याचा प्रश्नच नव्हता. पैसे घेऊन रक्त देणारे लोक तेव्हा सर्रास असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. लागण त्या रक्तातूनच झाली असे आज कोणी सिद्ध करू शकत नाही आणि कोणाला दोष देण्यातही अर्थ नाही. मात्र त्या काळात ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांनी ही एक तपासणी करून घ्यावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

मला कधी कावीळ झालेली नव्हती, पोटात दुखत नव्हते, थकवा येई तो वयाचा म्हणून सोडून दिला जाई. हा विषाणू वीस-तीस वर्षे काहीही न जाणवू देता यकृतात राहू शकतो आणि त्या काळात यकृताच्या मऊ ऊतीच्या जागी हळूहळू व्रणासारखे तंतू तयार होत जातात. ते कितपत झाले आहे याचा पहिला अंदाज डॉक्टरांनी माझ्यासमोर, साध्या रक्ततपासणीतील आकड्यांवरून केला. त्या पद्धतीला फिब-४ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे घटक, आणि प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. वयाला एसजीओटीने गुणायचे, एसजीपीटीचे वर्गमूळ काढून त्याला हजारांत मोजलेल्या प्लेटलेटच्या संख्येने गुणायचे आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. माझे वय ६१, एसजीओटी ७८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट १ लाख १२ हजार. डॉक्टर मोबाइलमध्ये आकडे भरत होते, तोवर मी केसपेपरच्या मागच्या बाजूला गणित मांडले. ६४ चे वर्गमूळ ८, ११२ गुणिले ८ म्हणजे ८९६, ६१ गुणिले ७८ म्हणजे ४७५८, भागाकार ५.३१. मोबाइलवर तेच उत्तर आले. ३.२५ च्या वर आकडा गेला की यकृत बरेच खराब झाले असण्याची शक्यता धरतात. आयुष्यभर मुलांना वर्गमूळ शिकवले, पण त्या भागाकाराइतका परिणाम माझ्यावर दुसऱ्या कोणत्याही गणिताचा झालेला नाही.

येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. माझ्या मधुमेहाच्या जुन्या फाइलमध्ये दरवर्षीच्या रक्ततपासणीचे कागद क्रमाने लावलेले होते आणि त्यांत प्लेटलेट वर्षागणिक उतरत गेल्याचे स्पष्ट दिसत होते. मी ज्या खाजगी दवाखान्यात शुगरसाठी जात असे, तेथे प्रत्येक वेळी फक्त साखरेचा रकाना पाहिला गेला. मधुमेह असलेल्या माणसाच्या प्लेटलेट सतत कमी येत असतील तर यकृत आणि प्लीहा यांच्याकडे पाहिलेच पाहिजे. यकृत कडक होऊ लागले की रक्ताचा दाब मागे साचतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. ही माहिती दुर्मीळ नाही. दोन्ही आकडे एकाच कागदावर होते. ते एकत्र वाचले गेले नाहीत, एवढेच.

फिब-४ हा अंदाज असतो आणि वय वाढले की तो आकडा आपोआपही थोडा वाढतो, म्हणून मला नागपूरला फायब्रोस्कॅनसाठी पाठवण्यात आले. तपासणी अगदी साधी आहे. उपाशीपोटी जायचे, उजवा हात डोक्यामागे घेऊन उताणे झोपायचे; बरगड्यांच्या मधल्या जागेवर जेल लावून एक यंत्र टेकवतात आणि टिचकी मारल्यासारखा हलका धक्का पुन्हा पुन्हा जाणवतो. यकृताचा कडकपणा किलोपास्कल या एककात मोजतात. साडेबाराच्या वर आकडा गेला की हिपॅटायटिस सीच्या रुग्णात सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक झाल्याची अवस्था, मानतात. माझा आकडा पंधराच्या पुढे होता. सिरॉसिस म्हणजे दारू पिणाऱ्यांचा आजार, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. गावी परतल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न तोच केला, ‘तुमी त चहाबी मोजून पेता बाई, मंग तुमचं लिव्हर कायनं खराब झालं?’ त्यांच्या प्रश्नात दूषण नव्हते, काळजीच होती. पण या समजुतीमुळेच दारू न पिणाऱ्या बाईच्या यकृताची तपासणी कोणाला सुचत नाही, असे मला वाटते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात पाणी आहे का, झोपेत किंवा शुद्धीत फरक आहे का, हे सगळे पाहून डॉक्टरांनी सांगितले की यकृत खराब झालेले असले तरी अजून आपले काम निभावून नेत आहे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या आढळल्या नाहीत. एवढा दिलासा त्या वेळी पुरेसा होता.

मधुमेहाचा विषय निघाला तो एका न जुळणाऱ्या आकड्यावरून. मी जुन्या फाइलमधला एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, अहवाल दाखवला, तो ६.३ होता आणि त्यावर माझी शुगर ‘कंट्रोलमध्ये’ असल्याचा शेरा होता. पण उपचार केंद्रात काढलेली उपाशीपोटी साखर १६८ आणि जेवणानंतरची २४६ आली. ६.३ हा आकडा खरा धरला तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी १३५ च्या आसपास असायला हवी. डॉक्टरांनी काही क्षण दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, ‘मॅडम, तुमची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’ सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. मुलीच्या लग्नाच्या वेळी आम्ही सर्वांनीच ती तपासणी करून घेतली होती आणि माझा अहवाल ‘एएस’, म्हणजे वाहक, असा आलेला होता. विदर्भात सिकलसेलचे वाहक किती आहेत हे आपण जाणतोच. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. हिमोग्लोबिनचा प्रकार वेगळा असला तर काही यंत्रांवर आकडा चुकतो. त्यातच प्लीहा मोठी झाली की तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. माझ्या बाबतीत ही दोन्ही कारणे हजर होती. तेव्हापासून माझी शुगर ठरते ती घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या नोंदींवरून. तीन महिन्यांच्या त्या एका आकड्यावर माझ्यापुरता कोणी विसंबत नाही. सिकलसेलचे वाहक असलेल्या मधुमेही वाचकांनी आपल्या डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

त्यानंतर मी विचारले की हे दोन आजार मला योगायोगाने झाले की त्यांचा काही संबंध आहे. डॉक्टरांनी समजावले ते असे. इन्सुलिन आले की यकृताने साखर साठवायची असते आणि नवी साखर रक्तात सोडणे थांबवायचे असते. हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृताच्या पेशीतील इन्सुलिनच्या संदेशवहनात अडथळा आणतो. शिवाय सततच्या दाहामुळे आणि पेशींत साठणाऱ्या चरबीमुळे तो अडथळा वाढतच जातो. मी आमच्या वावराशेजारच्या पाटाचा विचार केला. कालव्याला पाणी पुरेसे सोडलेले असते, पण वावराकडचे दारच गंजलेले असले तर पाणी आत न जाता रस्त्यावर वाहते. इन्सुलिन असूनही साखर रक्तातच राहते ती अशी. अमेरिकेतील एका मोठ्या लोकसंख्या-पाहणीच्या आधारे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चाळिशी ओलांडलेल्या आणि हा विषाणू असलेल्या लोकांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तीन पटींहून अधिक आढळले होते. म्हणून हिपॅटायटिस सी आढळलेल्या प्रत्येकाची शुगर तपासावी असे सांगतात. माझ्या आईला किंवा वडिलांना मधुमेह नव्हता, मी स्थूल नव्हते, तरी ऐन चाळिशीत मला तो का झाला, याचे उत्तर पूर्णपणे नाही तरी बरेचसे मला त्या दिवशी मिळाले.

संबंध उलट दिशेनेही आहे, आणि तोच अधिक गंभीर आहे. विषाणूच्या जोडीला मधुमेह असला की यकृतातील तंतू लवकर वाढतात, सिरॉसिस लवकर गाठतो, आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होतो. मूत्रपिंडावर तर दोन्हीकडून आघात होतो. मधुमेह त्याच्या गाळण्या खराब करतोच, पण हा विषाणूही रक्तात अशी प्रथिने तयार करवतो की ती त्याच गाळण्यांत जाऊन अडकतात. हृदयविकाराचा धोका दोन्ही आजारांनी वाढतो. सिरॉसिसच्या रुग्णाला साधा जंतुसंसर्गही जड जातो आणि मधुमेह्याच्या पायाची जखम भरत नाही, म्हणजे काट्यागोट्यांतून अनवाणी वावरात जाणाऱ्या माणसाला हे दोन्ही आजार असणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. मला ही सूचना अतिशय महत्त्वाची वाटते, कारण आपण ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाचे उत्तर देताना रोजची गॅसची गोळी, गुडघेदुखीची गोळी आणि काढा यांना औषध मानतच नाही. मला सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटासव्हिर ही एकत्रित गोळी बारा आठवडे, रोज एक, अशी द्यायची होती. त्यातील व्हेल्पाटासव्हिर नीट शोषले जाण्यासाठी जठरातील आम्ल लागते. रोज सकाळी घेतली जाणारी गॅसची गोळी तेच आम्ल कमी करते. ती बंद झाली. दुखण्याच्या गोळ्या सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाला आणि जठराला घातक ठरू शकतात म्हणून त्याही बंद झाल्या. फारच दुखले तर पॅरासिटामॉल, तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. यजमानांनी श्रद्धेने आणलेला यकृतासाठीचा काढा डॉक्टरांनी हातात घेऊन वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘यात काय काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, उपचार सुरू असताना नको.’ हृदयाची, फिटची किंवा क्षयाची काही औषधे या गोळ्यांबरोबर चालत नाहीत, म्हणून तीही त्यांनी विचारून घेतली. हिपॅटायटिस बीची तपासणी पुन्हा एकदा केली, कारण तो विषाणू लपून असला तर या उपचारात उसळी मारू शकतो. तो नव्हता, म्हणून त्याची लस दिली. हिपॅटायटिस सीवर अजून लस नाही, हेही त्याच वेळी समजले.

मधुमेहाची माझी औषधे होती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. साखर जास्त असूनही डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. विषाणू कमी होऊ लागला की इन्सुलिनचा अडथळाही कमी होतो आणि मग तोच जुना डोस जास्त ठरून साखर एकदम उतरू शकते, असे ते म्हणाले आणि ग्लुकोमीटरवरच्या नोंदी रोज वहीत लिहायला सांगितल्या.

गोळीचा त्रास म्हणावा तर जवळपास काहीच झाला नाही. सुरुवातीला डोके जड वाटे आणि संध्याकाळी थकवा येई, तेवढेच. पूर्वी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि त्यांचा त्रास फार होई, असे तेथील परिचारिकेने सांगितले. खरे लक्ष द्यावे लागले ते साखरेकडे. वहीत उपाशीपोटीचे आकडे आधी १५० च्या घरात, मग १३० च्या, मग १२० च्या आत येऊ लागले. गोळ्यांच्या दुसऱ्या बाटलीच्या मध्यावर, तूर सोंगणीच्या दिवसांत, मजुरांसाठी चहा टाकत असताना मला अचानक दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि समोरचे पातेले दोन दिसू लागले. सुनेने बोटाला सुई टोचून पाहिले तर साखर ६२ होती. तिने पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून मला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, मग भाकर आणि वरण खायला दिले, आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ग्लिमेपिराइड त्याच दिवसापासून निम्मे केले. या गोष्टीची सूचना आधी मिळालेली नसती तर घरच्यांनी तो थकवा समजून मला झोपवून ठेवले असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या आणि हिपॅटायटिस सीचा उपचार सुरू केलेल्या प्रत्येकाच्या घरी ग्लुकोमीटर आणि साखर, दोन्ही हाताशी असलीच पाहिजेत.

खाण्यापिण्याबाबत मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते सद्भावनेशी. यकृताचा आजार म्हणजे कावीळ आणि काविळीला उसाचा रस, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण रस, ग्लुकोजची पुडी किंवा मोसंबी घेऊन येई, आणि वर तेल, डाळ, हळद सोडा असे बजावून जाई. मधुमेह्याला तो रस घातक आणि सिरॉसिसच्या रुग्णाला डाळ सोडणे घातक. सिरॉसिसमध्ये स्नायू झिजतात म्हणून प्रथिने उलट जास्त लागतात. माझ्या ताटात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हिरवी भाजी, दही, अंडे आणि जवसाची चटणी असे, मीठ बेताचे. सगळ्यात वेगळी सूचना होती ती झोपण्यापूर्वी थोडे खाण्याची. खराब झालेले यकृत रात्रभर पुरेल एवढी साखर साठवू शकत नाही, म्हणून शरीर स्नायू मोडून ऊर्जा मिळवते. अर्धी भाकर आणि दूध घेतले की ते टळते. त्याच कारणाने माझे निर्जळी उपवास बंद झाले. सासूबाईंना हे कसे सांगावे याची मला काळजी होती, पण त्यांनी ऐकल्याबरोबर म्हटले, ‘देव काही उपाशी राह्यल्यानं भेटत नाही, तू जेव माय.’

बारा आठवडे संपले तेव्हा मला वाटले की लगेच तपासणी होईल. तसे नसते. शेवटच्या गोळीनंतर आणखी बारा आठवडे थांबून व्हायरल लोड पाहतात, आणि त्या वेळीही विषाणू आढळला नाही तरच रुग्ण बरा झाला असे मानतात. या औषधांनी बरे होण्याचे प्रमाण पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास आहे, हे माहीत असूनही ते थांबणे मला अवघड गेले. अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असे आले. शुगर गेली का, असा प्रश्न मला त्यानंतर सर्वांनी विचारला. ती गेली नाही. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झाले, मेटफॉर्मिन चालू आहे आणि आकडे पूर्वीपेक्षा चांगले राहतात. विषाणू गेल्यावर अनेकांची साखर सुधारते, पण प्रत्येकाची नाही, आणि सुधारलेली नेहमीच टिकून राहते असेही नाही. त्यामुळे औषध सुटेल या आशेवर कोणी उपचार घेऊ नये. यकृत आणि जीव वाचतो, तेवढे कारण पुरेसे आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नंतर दुसऱ्या ठिकाणी झाली. तेथेही प्रतिपिंडांच्या तपासणीची तीच पट्टी पुन्हा ‘रिॲक्टिव्ह’ आली, कारण प्रतिपिंडे बरे झाल्यावरही रक्तात राहतात. मी व्हायरल लोडचा अहवाल पुढे ठेवला आणि काम अडले नाही. बरे झालेल्या प्रत्येकाने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कायम जवळ बाळगावा. प्रतिपिंडे असली तरी त्यांच्यामुळे पुन्हा लागण होण्यापासून संरक्षण मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सिरॉसिस झालेला असल्यामुळे माझी यादी येथे संपत नाही. दर सहा महिन्यांनी यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी सोनोग्राफी आणि अल्फाफीटोप्रोटीनची रक्ततपासणी, वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा, रोज झोपण्यापूर्वी तळपाय पाहणे. या सगळ्याच्या नोंदी मी आता एकाच फाइलमध्ये ठेवते. डावीकडे साखर, उजवीकडे यकृत. कोणत्याही डॉक्टरांसमोर गेले की दोन्ही पाने एकदम उघडतात.

घरच्यांची तपासणी उपचार चालू असतानाच करून घेतली. यजमान, मुलगी, मुलगा यांच्यापैकी कोणालाही लागण नव्हती. एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने, लेकराला उचलून घेतल्याने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. म्हणून वस्तरा, दाढीचे पाते, नेलकटर आणि ग्लुकोमीटरची टोचणी कोणाची कोणाला द्यायची नाही. गावात शुगर तपासणीचे शिबिर भरले तेव्हा एकच टोचणी-पेन सुई बदलून सगळ्यांच्या बोटांना लावले जात होते. सुई बदलली तरी पेनाच्या टोकाला रक्त लागलेले राहू शकते, हे मी तेथील आरोग्यसेविकेला सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले आणि पुढच्या शिबिरापासून एकदाच वापरून फेकण्याच्या टोचण्या आल्या. आशाताई आणि मी मिळून गावातल्या अशा लोकांची यादी केली आहे, ज्यांना नव्वदच्या दशकात किंवा त्याआधी रक्त चढवले गेले आणि ज्यांना आज शुगर आहे. यादीत बाळंतपणाच्या वेळी रक्त लागलेल्या बायाच जास्त आहेत. त्यांतल्या दोघींची पट्टी रिॲक्टिव्ह आली. एकीच्या रक्तात विषाणू नाही, तिला फक्त प्रतिपिंडे आहेत. दुसरीचा उपचार या महिन्यात सुरू झाला आहे आणि तिच्या ग्लिमेपिराइडच्या डोसाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलणे झाले आहे.